कान द्या, मुरुमकर

फोन वाजला तेव्हा बुद्धघोष माझ्या चुलीसमोर बसून जेवत होता. तोंडात भाकरीचा घास, हातात फोडलेला कांदा. मी बटनाचा मोबाईल कानाला लावला, आणि फोनमधून बुद्धघोषच बोलला.

"सरुकाकू, कान द्या. म्या बुद्धघोष बोलतोय."

मी समोर बघितलं. त्याचं तोंड बंद होतं. नुसता जबडा हलत होता.

"कळवायला लई वाईट वाटतंय काकू. आपल्या क्षमाला नळदुर्गजवळ ट्रकनं ठोकरलंय. दवाखान्यात आदी पैसे भरा म्हणतेत."

"घोष्या," मी म्हणलं, "आदी घास गिळ, मग बोल की."

"कुणाशी बोलताय काकू?" समोरचा बुद्धघोष म्हणाला.

"आवाज येतोय का काकू?" फोनमधला म्हणाला.

दोघं एकदमच बोलले. एक माझ्या कानात, एक माझ्या चुलीपाशी. दोन्हीकडं तोच खर्जातला, जरा घोगरा, शेवटचा शब्द लांबवणारा आवाज.

मला गोष्टी सांगायची खोड आहे. माझ्या गोष्टीत निम्म्याहून जास्त मी घरीच घालते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. ह्या गोष्टीत मात्र मला काही घालावं लागलं नाही. उलट थोडं काढून ठेवावं लागलं, नाहीतर कुणी ऐकलं नसतं.

बुद्धघोषनं माझ्या हातातून फोन घेतला. ऐकत राहिला. आरशात भलतंच कोणी दिसावं तसा त्याचा चेहरा झाला. मग तिकडून फोन कटला. त्यानं पहिलं काम केलं ते क्षमाला फोन लावायचं. ती त्याची लेक, सोलापूरला नर्स आहे. ती वैतागूनच बोलली, "काय पप्पा, ड्युटीवर हाय म्या. काय झालं?"

"काय न्हाय बाळा. जेवलीस का विचारायला लावला."

फोन ठेवून त्यानं कपाळ पुसलं आणि हसला. "कुणीतरी नक्कल करतंय काकू. बाजारातली निम्मी पोरं माझी नक्कल करतेत."

"नक्कल?" मी म्हणलं. "मला तर तुझा जुळा भाऊ वाटला. तुझ्या आईनं सांगितलं न्हाय कवा."

तो हसला खरा, पण राहिलेली भाकरी त्यानं खाल्ली नाही. 

तर हा बुद्धघोष म्हणजे माझ्या दिराचा मुलगा. मुरुममध्ये त्याला ओळखत नाही असं माणूस नाही, आणि निम्म्यांनी त्याला नीट बघितलेलंही नाही. त्याचा आवाजच आधी पोचतो. त्याची एक रिक्षा आहे, टपावर भोंगा, हातात माईक. नळाला पाणी कधी येणार, कुणाची शेळी हरवली, कुठल्या दुकानात साड्या स्वस्त लागल्या, सगळं तोच सांगतो. आणि कोण गेलं तेही तोच. "कान द्या, मुरुमकर, कान द्या," असं म्हणला की बाया पिठाचे हात तसेच घेऊन दारात येतात. मुरुममध्ये माणूस डॉक्टरनं सांगून मरत नाही. बुद्धघोषनं सांगितल्यावर मरतो.

ह्या आवाजाच्या गोष्टी तर काय सांगाव्यात! महांतप्पाची म्हैस हरवली, ह्यानं भोंग्यावर तिचं नाव घेतलं, तर ती आळंदच्या बाजारातून दावं तोडून परत आली. येताना आणखी एक रेडकू घेऊन आली म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणते.

पण त्याचं काम लई नेटकं. लिंगायताच्या घरचं मयत असलं तर 'लिंगैक्य झाले' म्हणायचा, मुसलमानाच्या घरचं असलं तर 'इंतकाल झाला', आमच्यातलं असलं तर 'निर्वाण झालं', बाकीच्यांना 'देवाज्ञा'. कधी एका शब्दानं चुकला नाही. उमरग्याहून एकदा दुसरा रिक्षावाला आला होता, त्यानं एका लिंगायत म्हाताऱ्याला 'देवाज्ञा झाली' म्हणून सांगितलं. म्हातारं तिरडीवरचं उठून बसलं आणि म्हणालं, "परत सांग, नीट सांग." मग पडलं. आता लिंगायतात तिरडी नसते, बसवूनच नेतात, म्हणून ते आधीच बसलेलं होतं असं काही लोक म्हणतात. असेल.

आमचे मामंजी, म्हणजे बुद्धघोषचा आजा कोंडिबा, येसकर होते. गावात कोणी मेलं की हातात काठी घेऊन गावात दारोदार आणि परगावच्या पाहुण्यांना सांगावा द्यायला जायचं, हे त्यांचं काम. उन्हातानात पायी जायचं. दारापासून लांब उभं राहायचं. तिथूनच हाळी द्यायची. पाणी मागितलं तर कोणी दिलं, कोणी नाही, आणि दिलं तरी वरून ओंजळीत. मजुरी म्हणजे शिळी भाकर. छप्पनची दीक्षा झाली तेव्हा मामंजींनी ती काठी नदीत फेकली. धारेच्या उलट पोहत गेली, असं मी सांगते. मी तेव्हा ह्या घरात आले नव्हते, पण काठीलाही घाई झाली असणार. त्या दिवशी घरात ठरलं, परत कुणाच्या दारात मयताचा सांगावा घेऊन उभं राहायचं नाही.

म्हणून बुद्धघोषनं माईक हातात घेतला तेव्हा माझे दीर त्याच्याशी बोलेनासे झाले. हा त्यांना म्हणाला, "बापू, आजा दारात उभा ऱ्हायचा. म्या रिक्षात बसतो. लोकं दार उघडून भाईर येतेत." आणि रिक्षाच्या मागं त्यानं दर रंगवून घेतले. शेळीचा वेगळा, साडीचा वेगळा, मयताचा वेगळा. मालदाराला तोच, गरिबाला तोच, आणि आधी द्यायचा. "फुकट सांगायचं ते आजानं समदं सांगून संपिवलं," म्हणायचा. दीर वारले तेव्हा त्यांचंही त्यानंच सांगितलं. आवाज कुठं हलला नाही. फक्त 'माझे वडील' म्हणायच्या वेळी त्यानं भोंगा बंद केला आणि तेवढं नुसत्या तोंडानं म्हणाला.

असा तो आवाज. आता रुद्रम्माचं सांगते.

रुद्रम्मा माझी जुनी मैत्रीण. बाजारपेठेच्या मागं राहायची, कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकायची. नवरा गेलेला. एकच मुलगा सिद्धलिंग, हैदराबादला एका हॉटेलात कामाला. मी बाजारला गेले की तिच्या ओट्यावर बसायची. ती कानडीत शिव्या द्यायची, मी मराठीत. दोघींना दोन्ही कळायचं.

त्या दिवशी मी गेले तर ओट्यावर भाकरी नव्हत्या. आत बायांची गर्दी. रुद्रम्मा भिंतीला टेकून बसलेली, डोळ्यात पाणी नाही, केस सुटलेले.

"काय झालं ग?"

"सिद्धू गेला," ती म्हणाली. पाणी गेलं म्हणावं तशी म्हणाली.

शेजारच्या किराणा दुकानातला महालिंगप्पा दारात उभा होता. त्यानं सगळं सांगितलं. सकाळी रुद्रम्माला बुद्धघोषचा फोन आला, सिद्धलिंगला हुमनाबादजवळ ट्रकनं ठोकरलंय, दवाखान्यात पैसे भरा. तिला मोबाईलवरून पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून ती गळ्यातली बोरमाळ काढून महालिंगप्पाकडं घेऊन आली. महालिंगप्पानं फोन स्वतःच्या कानाला लावून ऐकला, मग पैसे पाठवले. दुपारी महालिंगप्पाच्याच मोबाईलवर परत फोन. गेला म्हणाला. बॉडी सोडवायला आणखी पाठवा. तेही पाठवले.

"अवो, पण सिद्धलिंगला फोन लावून बघितला का?" मी म्हणलं.

"बंद हाय की. आन लावून काय करायचं? बुद्धघोषनं सांगितलंय. माझ्या कानानं ऐकलंय, सरुबाई."

भाकरीचा घास, बंद तोंड, फोनमधला आवाज, सगळं आठवलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेरची बाई किंचाळली.

सिद्धलिंग दारात उभा होता. खांद्यावर बॅग, हातात मिठाईचा पुडा. मोबाईलची बॅटरी संपली होती आणि न सांगता आईला भेटायला आला होता, इतकीच गोष्ट. पण आतल्या बाया एकमेकींच्या अंगावरून मागच्या दारानं पळाल्या. महालिंगप्पा आपल्या दुकानातल्या पोत्यामागं गेला.

भुतं मानायची नाहीत असं आमच्यात ठरलंय. ते भुतांना कोणी कळवलंय का, ठाऊक नाही. मी पुढं झाले आणि त्याला म्हणलं, "चप्पल काढ."

"काय झालंय काकू? कोण गेलंय?"

"आदी चप्पल काढ."

पाय सरळ होते. टाच मागं, बोटं पुढं. मी त्याच्या दंडाला चिमटा काढला, तो ओरडला, आणि मग मी हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले.

"रुद्रे, अग जिता हाय! ऊठ!"

रुद्रम्मा उठली नाही. तिनं मुलाकडं नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. सिद्धलिंग तिच्यासमोर बसला, "अव्वा" म्हणाला, तिचा हात धरायला गेला. तिनं हात मागं घेतला.

"कोण तू?" ती म्हणाली.

त्या दिवशी आम्हाला वाटलं, धक्का बसलाय, उद्या ठीक होईल. झाली नाही. ती त्याच्यासाठी भाकरी करायची, पण ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि पाठ फिरवून बसायची. तो जेवताना हळूच वाकून त्याच्या पायांकडं बघायची. तो झोपला की दाराला कडी लावायची, बाहेरून. नवरा गेला तेव्हा बुद्धघोषनं सांगितलं, आणि नवरा परत आला नाही. दीर गेला, जाऊ गेली, बुद्धघोषनं सांगितलं, कोणी परत आलं नाही. आता हा एकटाच कसा परत आला, हे तिला पटत नव्हतं.

बुद्धघोषला कळलं तसा तो तिच्याकडं गेला. मी बरोबर होते. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"रुद्रम्माकाकू, म्या बुद्धघोष. तुमचा सिद्धलिंग जिता हाय. म्या सांगतोय."

तिनं डोळे मिटले. ऐकत राहिली, जसं लोक दारात उभं राहून भोंगा ऐकतात.

"परत बोल," म्हणाली.

"सिद्धलिंग जिता हाय, काकू."

"आवाज त्योच हाय," ती म्हणाली. "पैला बी त्योच व्हता. गेला म्हणून तूच सांगितलास, जिता हाय म्हणून बी तूच सांगायलास. त्यातलं कंचं धरू म्या, बाबा?"

पाठीमागं सिद्धलिंग दाराला टेकून उभा होता, त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

पोलिसात तक्रार झाली. महालिंगप्पाच्या मोबाईलमध्ये सगळे फोन आपोआप रेकॉर्ड होतात, ते फौजदारानं लावून ऐकलं. भला माणूस होता. म्हणाला, "तुमच्यावर कुणाचा संशय नाही. पण जरा बोला काहीतरी, जुळवून बघू." बुद्धघोष बोलला, रेकॉर्डिंग बोललं. फौजदारानं दोन्ही ऐकून मान डोलावली. मोबाईलकडं बघून डोलावली.

क्षमा सोलापूरहून आली. तिनं सांगितलं. ती बापाचे व्हिडिओ करून मोबाईलवर टाकायची, कौतुकानं. रिक्षा, भोंगा, 'कान द्या, मुरुमकर'. हजारो लोकांनी बघितले होते. तिथनं कोणीतरी आवाज उचलला.

"आता मशीन असती पप्पा. तिला आवाज ऐकिवला की ती शिकती. मग तिला लिहून दिलं ते ती बोलती." ती रडायला लागली. "म्याच टाकले व्हते ते."

त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग विचारलं, "परत घेता येतो का?"

"काय?"

"आवाज."

तिनं मान हलवली. नाही.

फोन थांबले नव्हते. आलूरला एकाला गेला, उमरग्याला दोघांना. म्हणून मग बुद्धघोषनं जे करायचं तेच केलं. रिक्षा काढली आणि गावभर फिरला. मी ओट्यावर बसून ऐकलं.

"कान द्या, मुरुमकर, कान द्या. म्या बुद्धघोष बोलतोय. माझ्या आवाजात कुणी काय बी सांगितलं तरी इस्वास ठिवू नका. कोण गेलं म्हणून सांगितलं तरी ठिवू नका. त्यो म्या न्हाय."

उन्हात रस्ता रिकामा होता. भोंगा वळणावरून परत परत तेच म्हणत होता, त्यो म्या न्हाय, त्यो म्या न्हाय. मामंजींनी काठी फेकली ती रागानं. ह्यानं हे स्वतःच्या तोंडानं, दर न घेता, सगळ्या गल्ल्यांतून सांगितलं.

आणि लोकांनी ऐकलं. त्याचं आजपर्यंत ऐकत आले, तसं हेही ऐकलं.

त्यानंतर काही दिवसांनी रुद्रम्मा खरीच गेली. सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या गेली. तव्यावरची भाकरी जळून काळी झाली होती. सिद्धलिंग तिच्याजवळ जाऊ शकला नाही, कारण कडी बाहेरून त्याच्या खोलीला होती. मी दूध घेऊन गेले तेव्हा उघडली. तो आईजवळ बसला आणि तिनं कित्येक दिवस लावू दिला नव्हता तो हात त्यानं तिच्या हातात दिला.

विधीला जंगम आले. तिला बसवलं, फुलं लावली, कपाळभर भस्म. आम्ही वाट बघत बसलो. सिद्धलिंग बुद्धघोषकडं गेला, रंगवलेला दर त्याच्या हातावर ठेवला, आणि म्हणाला, "सांगा काका."

बुद्धघोष निघाला. "कान द्या, मुरुमकर. कळवायला दुःख होतंय, रुद्रम्मा लिंगैक्य झाल्या..."

कोणी बाहेर आलं नाही. मी त्याच्यासोबत रिक्षात बसले होते, म्हणून बघितलं. बाया पिठाचे हात घेऊन दाराशी यायच्या, आणि त्याला बघून आत जायच्या. एक पानटपरीवाला हसला. "काय बुद्धघोष! परवा पोरगं मारलं, आज म्हातारी व्हय?"

"खरं हाय गड्या."

"अरं, तूच सांगून गेलास की. इस्वास ठिवू नका म्हणून."

एका घरात तर कोणीतरी माईकचा आवाज ऐकून टीव्ही मोठा केला. बुद्धघोषनं परत सांगितलं. आणखी हळू, आणखी नीट. जितकं नीट सांगावं तितकं ते फोनमधल्यासारखं वाटत होतं. मलाही वाटलं. मी त्याच्या ओठांकडं बघत बसले, हलतात का नाही.

आम्ही परत आलो तेव्हा ओट्यावर पाचसहा माणसं. ऊन वाढत होतं. रुद्रम्मा फुलांत बसलेली, बाजाराच्या दिवशी बसायची तशीच. आयुष्यभर तिनं सगळ्या मुरुमला भाकरी घातली, आणि मातीला जायला पाच माणसं.

सिद्धलिंगनं हात जोडले. "काका, तुमी दारोदार जाऊन तोंड दाखवून सांगितलं तर... मानूस समोर दिसल्यावर पटंल लोकास्नी."

"व्हय," महालिंगप्पा म्हणाला. "आदी कोंडिबा यायचाच की दारात."

म्हणाला आणि त्याचं त्यालाच कळलं. तो चटणीच्या बरणीकडं बघायला लागला. बुद्धघोष रिक्षाच्या हँडलवर दोन्ही हात ठेवून बसला होता. त्याच्या हाताच्या शिरा मला दिसत होत्या. मला ओरडावंसं वाटलं, नको म्हण, घोष्या. आणि आत रुद्रम्मा बसली होती. तिच्याकडं बघून, जा म्हणावंसं वाटलं.

मग तो बोलला. माईकवर नाही, हळू.

"सिद्धलिंग, माय तुझी हाय. तू चल म्होरं. दारात तू ऱ्हा उभा. म्या मागनं रिक्षा आणतो."

सिद्धलिंगनं त्याच्याकडं बघितलं. मग खाली बसून चप्पल काढली. सरळ पाय, टाच मागं, बोटं पुढं. आणि चालायला लागला. मागून रिक्षा, भोंगा बंद.

मला खरंतर तिथंच थांबायला हवं होतं. पण मी उठले आणि मधल्या बोळातून पळत घरी आले. ह्या वयात कशी पळाले विचारू नका, उडालेच म्हणा. घरात शिरून दार लावून घेतलं आणि दाराच्या आत उभी राहिले. मला सगळं ठाऊक होतं. तरी माझ्या दारातही सांगावा यायला पाहिजे होता.

लई वेळ गेला. गल्लीत एकेक दार उघडल्याचा आवाज येत होता. बाया बाहेर येत होत्या, कोणी रडायला लागली. सिद्धलिंगला बघून दोघी आधी घाबरल्या, मग रडल्या. रिक्षाचं इंजिन हळूहळू जवळ येत होतं. मग थांबलं.

"सरुकाकू."

मी दार उघडलं. सिद्धलिंग उंबऱ्यापासून लांब उभा होता. अंगणाच्या कडेला, बाभळीच्या सावलीच्याही बाहेर. त्याला कोणी तसं शिकवलं नव्हतं. पाय भाजलेले, ओठ सुकलेले, हात जोडलेले.

"काकू, अव्वा लिंगैक्य झाली."

"आत ये," मी म्हणलं.

"लई दारं राहिलीत काकू."

"आत ये. बस. पाणी पी."

तो आत आला. मी तांब्या त्याच्या हातात दिला, तो तांब्याला तोंड लावून सगळं पाणी प्यायला, घटाघटा, गळ्यावरून सांडत. बाहेर रिक्षात बुद्धघोष बसला होता. तो आमच्याकडं बघत नव्हता. समोरच्या रिकाम्या रस्त्याकडं बघत होता, जणू कोणी यायचं आहे.

रुद्रम्माच्या मातीला सगळं मुरुम आलं. मी दहा गावं आली म्हणून सांगते.

परत आल्यावर, अजून दिवस होता, बुद्धघोष माझ्या चुलीसमोर येऊन बसला. मी भाकरी वाढली. त्यानं पहिला घास घेतला आणि फोन वाजला.

त्यानं हातानं खूण केली, मोठ्यानं लावा. मी बटन दाबलं.

"काकू, कान द्या. कळवायला लई वाईट वाटतंय." तोच खर्ज, शेवटचा शब्द लांबवलेला. "मुरुमचे बुद्धघोष यांना आज देवाज्ञा झाली. दवाखान्यातनं बॉडी सोडवायला पैसे पाठवा."

चुलीतला जाळ तेवढा आवाज करत होता. बुद्धघोष घास चावत ऐकत होता, शेवटपर्यंत, दुसऱ्या कोणाचं काम तपासून बघावं तसा. फोन कटला.

"देवाज्ञा म्हणतोय, काकू."

"व्हय की."

"आपल्यात कुठं असती देवाज्ञा."

"मग मेला न्हाईस तू. जेव."

त्याचे खांदे हलले. हसला का काय, आवाज आला नाही. ताट मात्र त्यानं पुसून खाल्लं. हात धुतले, रिक्षाकडं गेला, पाना काढला आणि टपावरचा भोंगा सोडवून माझ्या भिंतीला लावून ठेवला.

"ऱ्हाऊ द्या हितं," म्हणाला.

आता तो उमरग्याला शिटा भरतो. भाडं बोटांवर दाखवतो. कधी बोललाच तर शिटा दचकून त्याच्या तोंडाकडं बघतात. आवाज मात्र हिंडतोय. परवा लातूरला कोणाला गेला, बिदरला गेला. आता कानडीतसुद्धा बोलतो म्हणे. बुद्धघोषला स्वतःला कानडी धड येत नाही.

भोंगा माझ्या अंगणात आहे. कोंबड्या त्याच्याजवळ जात नाहीत. दुपारचं वारं सुटलं की तो घुमतो. शब्द नसतात. बोलायच्या आधी कोणी घसा साफ करावा, तेवढंच. मी उठते, दार उघडते. अंगणात, बाभळीच्या सावलीच्या बाहेर, कोणी नसतं.

तरी मी "आत ये" म्हणते, आणि तांब्या उंबऱ्याच्या आत भरून ठेवते.